मुकादमाचा कोपरा

निवृत्त झालेली माणसं कुंडीत मिरच्या लावतात, शब्दकोडी सोडवतात, नाहीतर बागेतल्या बाकावर बसून जगाला शिव्या घालतात. फोरमननी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी समोरच्या खोलीत, दोन्ही हात पसरले तर जेमतेम दोन्ही टोकं गाठता येतील एवढी काचेची टाकी बसवून घेतली, तिच्यात मापून खारं पाणी केलं आणि त्या पाण्यात सोडायला दुकानातले सगळ्यांत भांडकुदळ मासे निवडले.

दुकानदार अगदी काकुळतीला आला होता. "काका, दुसरं काहीही न्या. हे ट्रिगर जातीचे आहेत. पिल्लं आहेत तोवर गोजिरवाणी दिसतात, पण वाढली की एकमेकांना जगू देत नाहीत. लोक एका टाकीत एकच ठेवतात."

"मी तीन ठेवणार."

"पण का?"

"गरीब मासे मला नकोत," फोरमन म्हणाले. "गरीब स्वभावाची माणसं मी उभा जन्म पाहिली. मशीन अडकलं की त्यातला एकही जागेवर सापडत नाही."

फोरमन हे नाव नव्हे, हुद्दा. पण पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातून तो हुद्दा त्यांच्या मागोमाग घरी आला आणि घरातच राहिला. शेजारी फोरमन म्हणत, सून पाठीमागे फोरमन म्हणे, आणि लग्नाची बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे फोरमन' असंच म्हणायची. बायकोलाही हुद्दा होता. ती टेलरबाई. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, एवढंच काम ती घ्यायची. नवे कपडे शिवत नसे. "नवं शिवलं की माणूस आरशात बघतो आणि आपल्यावर नाराज होतो," ती म्हणायची. "दुरुस्तीत ती भानगड नाही. फाटकं गेलं, बरं झालं, एवढ्यावर तो खूश."

फोरमननी कारखान्यात माणसं हाताळली होती, आणि त्या बाबतीत त्यांचा एक सिद्धान्त होता, जो त्यांनी घरी इतक्यांदा ऐकवला होता की सुनेला झोपेतही म्हणता आला असता. नवी पोरं भरायची ती एकाच दिवशी भरायची, एकाच वयाची भरायची, आणि त्या दिवशी मशीनची जागा बदलून टाकायची. म्हणजे कुणीच जुना नाही, कुणाचीच जागा नाही. "आधी आलेला आणि मागून आलेला, सगळा तमाशा तिथेच सुरू होतो," ते म्हणायचे. "सगळे एकदम परके असले की मुकाट्याने एकमेकांना जागा देतात."

माशांनाही त्यांनी हाच नियम लावला. तिन्ही पिल्लं एकाच मापाची, बोटाच्या दोन पेरांएवढी, एकाच दिवशी आणली. दगड त्याच दुपारी रचले. दिवे बंद केले आणि तिन्ही पिशव्या एकदम पाण्यात सोडल्या. दुकानदार म्हणाला होता की आठवड्यात एकच उरेल. आठवडा गेला, ऋतू बदलला, पिल्लं तळहाताएवढी झाली, आणि तिन्ही जिवंत होती. फोरमन दुकानात जाऊन मुद्दाम सांगून आले.

नावंही कारखान्यातलीच. निळसर काळा, लांब शेपटीचा, सारखा इकडून तिकडे फेऱ्या मारणारा तो कारकून. काळ्या अंगावर पांढरे मोठे ठिपके असलेला तो ठिपक्या. आणि हिरवट अंगावर नारंगी तिरक्या रेघांचा, आडदांड, तो मुकादम. मुकादमाचं प्रकरण वेगळंच होतं. तो दगड तोंडात धरून हलवायचा. टाकीचं झाकण उघडलं की पाण्याची चूळ टाकायचा, आणि ती बरोबर सुनेच्या अंगावर पडायची. रागावला की गुरगुरल्यासारखा आवाज करायचा, तो काचेबाहेर ऐकू यायचा. त्याचे डोळे वेगवेगळे फिरत. एक डोळा खाण्यावर आणि एक फोरमनवर. रात्री तो आपल्या कपारीत आडवा शिरायचा आणि पाठीवरचा काटा उभा करून स्वतःला तिथे असा अडकवून घ्यायचा, की हाताने ओढला तरी निघणार नाही.

"बघ," फोरमन बायकोला म्हणायचे, "हा माणूस आहे. आपली जागा सोडत नाही."

"माणूस नाही, मासा आहे," टेलरबाई म्हणायची. "आणि तुमच्यावरच गेलाय."

हे ती गमतीने म्हणायची आणि ते गमतीने घ्यायचे. या एका विषयावर त्यांना गमतीने घेणं जमत होतं. एरवी त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग. ते घरात शिरले की मुलगा खुर्चीतून उठायचा, सुनेचा रेडिओ बंद व्हायचा, आणि जेवताना फक्त ताटांचा आवाज यायचा. मुलाला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण 'तुला काही जमायचं नाही' हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की तो चाळिशीतही वडिलांसमोर बोलताना आधी घसा साफ करायचा.

फक्त माशांना खायला घालताना ते टेलरबाईला हाक मारायचे. तिन्ही कोपऱ्यांत तुकडे एकाच क्षणी पडले पाहिजेत, हा त्यांचा दंडक. जरा मागेपुढे झालं की ज्याचं आधी संपतं तो दुसऱ्याच्या कोपऱ्यात घुसतो. म्हणून त्यांचे दोन हात दोन टोकांना आणि तिचा एक हात मधल्या कोपऱ्यावर, पंपाच्या नळीपाशी. "हं, सोड!" ते म्हणायचे, आणि कोळंबीचे तीन तुकडे एकदम पाण्यात पडायचे. टेलरबाई कुरकुरायची. जन्मात ह्या माणसाने 'जेवायला ये' म्हणून मला हाक मारली नाही, माशांच्या पंगतीला मात्र मी हजर हवी! पण हात पुसून जायची. ते रोजचं दोघांनी मिळून केलेलं एकमेव काम होतं, आणि ते तिला आवडायचं.

मग एका सकाळी बादलीत मीठ ढवळताना फोरमन खाली कोसळले. ढवळायची काठी हातातच होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हॉस्पिटलात ते इतके दिवस राहिले की तिथल्या नर्स टेलरबाईकडून गणवेशाची बटणं लावून घेऊ लागल्या.

इकडे घरात हळूहळू सगळं सरकलं. कुणी ठरवून काही केलं नाही. फोरमनची आरामखुर्ची खिडकीपाशी होती. ती रिकामी खुर्ची बघवत नाही म्हणून मुलाने गॅलरीत नेऊन ठेवली. मग खिडकीपाशी उजेड होता, म्हणून टेलरबाईने आपलं मशीन आतल्या अंधाऱ्या खोलीतून तिथे आणलं. जेवणाच्या टेबलावर मुलगा टोकाच्या जागी बसू लागला, कारण तिथून त्याला लॅपटॉपची वायर पोचत होती. सुनेचा रेडिओ दिवसभर चालू राहिला. एकदा जेवताना सून काहीतरी बोलली आणि तिघंही इतकी हसली की मुलाला ठसका लागला. त्या रात्री टेलरबाईला चटकन झोप लागली. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

फोरमन घरी आले तेव्हा त्यांना ठेवायला जागा कुठे? शेवटी समोरच्या खोलीत, टाकीच्या समोरच्या भिंतीला लावून लोखंडी खाट टाकली, मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा ठेवून. पडू नयेत म्हणून एक बाजू भिंतीला घट्ट चिकटवली. मान एकाच बाजूला कलंडलेली, टाकीकडे. भिंतीच्या बाजूला ती वळतच नव्हती. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. ती भिंतीच्या बाजूला चुटक्या वाजवायची, फुगा हलवायची, खुळखुळा वाजवायची. "काका, इकडे बघा, इकडे! मान वळली की अर्धी लढाई जिंकली!" काका तिकडे बघत नसत. त्यांच्याकडे आता 'अं' एवढा एकच शब्द उरला होता आणि तो ते मुकादमाला बघून वापरायचे, पण सगळ्यांना वाटायचं, कुठल्याही माशाला बघून.

डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मुलाने आईला. "आई, स्पष्टच सांगतो. तोंडाने खातायत तोवर घरी ठेवता येईल. खाणं थांबलं की नळी घालावी लागणार. मग ते आपल्याला जमणारं नाही. मग अंथरुणाला खिळलेल्यांच्या संस्थेत."

"संस्थेत नाही," टेलरबाई म्हणाली.

"मलाही हौस नाहीये."

"मी कधी म्हटलं तुला हौस आहे? पण संस्थेत नाही."

संस्था तिला आतून ठाऊक नव्हती, कपड्यांवरून ठाऊक होती. तिथल्या लोकांच्या शर्टांच्या कॉलरमध्ये नंबर शिवायचं काम तिच्याकडे यायचं. कापडी फितीवर छापलेले नंबर, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. नाव शिवत नाहीत, कारण नाव लांब असतं. ती फीत कडक असायची आणि मानेला टोचत असणार हे तिला शिवताना कळायचं, पण तक्रार कधी आली नाही. टोचतं म्हणून सांगणारी माणसं तिथे नसतात, असा तिने अर्थ लावला होता.

त्यामुळे तिने फोरमनचं खाणं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. घट्ट केलेलं सूप, कुस्करलेला बटाटा, केळं. ते फक्त एकाच वेळी खायचे. माशांना खायला घालताना. टेलरबाईने हे पहिल्याच दिवशी हेरलं. ती माशांना तुकडा टाकायची, फोरमनचे डोळे पाण्यात फिरायचे, तोंड आपोआप उघडायचं, आणि तेवढ्यात ती चमचा आत सरकवायची. एक तुकडा, एक चमचा. असं करत वाटी संपायची. व्यायामवाल्या मुलीला हे बघून कौतुक वाटलं. "काकू, तुम्ही तर आम्हाला शिकवाल!"

ते हॉस्पिटलात असताना ती दोन्ही हातांनी कसंबसं भागवायची, पण हात दोनच होते, आणि काम आता चार हातांचं. चमचा एका हातात, तुकडे दुसऱ्या हातात. तीन कोपऱ्यांत एकदम टाकणार कसे? मुलगा म्हणाला, मला त्या टाकीला कधी बोट लावू दिलं नव्हतं, आता लावायची इच्छा नाही. सून म्हणाली, "आई, मी काहीही करीन, पण तो अंगावर थुंकतो." मग तुकडे एकामागून एक पडायला लागले, आणि फोरमन म्हणायचे तेच झालं. मुकादमाचा घास आधी संपायचा आणि तो दुसऱ्याच्या कोपऱ्यात घुसायचा. एक दिवस ठिपक्याची शेपूट कात्रीने कातरल्यासारखी दिसली. दुसऱ्या दिवशी कारकुनाचा पर गेला. ठिपक्या पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरका होऊन धापा टाकायला लागला.

टेलरबाईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. मासे मेले तर फोरमन काय बघतील? नाही बघितलं तर तोंड कसं उघडतील? तिने दुकानदाराला फोन केला.

"मावशी, सोपं आहे," तो म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक असावं, तो घाईत होता. "त्या दांडगटाला बाहेर काढा. दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, हीटर आणि हवेचा पंप लावून. दगड हलवा. परत सोडला की तो पाहुणा झालेला असतो, पाहुण्यासारखा वागतो."

तिने तो सल्ला त्याच दुपारी अमलात आणला. मुकादम कपारीत शिरून काटा उभारून बसला होता. जाळीने निघेना, हाताला चावला. शेवटी तिने तो अख्खा दगड माशासकट उचलून टबात नेला. फोरमन खाटेवरून बघत होते. "अं," म्हणाले. "अं. अं."

"काही नाही हो," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या मुकादमाला जरा रजेवर पाठवतेय. येईल परत."

टब गॅलरीत ठेवला, आरामखुर्चीच्या शेजारी. दुसरी रिकामी जागा नव्हती. मग दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे तिने टाकीतले उरलेले दगड हलवले, नव्याने रचले, आणि घाम पुसत बाजूला झाली. पाणी निवळलं. ठिपक्या खाली आला. कारकून नव्या कपारी हुंगत हिंडायला लागला. संध्याकाळी मुलगा घरी येऊन टाकीपाशी थांबला. "किती छान वाटतंय," तो म्हणाला. "हे आधीच करायला हवं होतं."

त्या रात्री फोरमन जेवले नाहीत.

सकाळीही नाही. तोंडात गेलेलं सूप तोंडातच राही आणि ओठाच्या कडेने उतरून येई. टेलरबाईला वाटलं, थकले असतील. मग वाटलं, चव नाही. तिने मीठ वाढवलं, साखर वाढवली, केळ्याऐवजी आंबा कुस्करला. माशांना दिवसातून चार वेळा खायला घातलं. मासे फुगले आणि फोरमन वाळले. व्यायामवाली मुलगी खुळखुळा वाजवायची थांबली. डॉक्टर घरी येऊन गेले. शुक्रवारपर्यंत बघू, म्हणाले, नाहीतर नळी. मुलाने संस्थेत फोन करून जागा आहे का ते विचारून ठेवलं, आणि आईला सांगितलं नाही. तिने ते सुनेच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. टेलरबाई वाटी घेऊन बसली होती आणि चमचा ओठांना लावून लावून तिचा हात दुखायला लागला होता. तिचं डोकं फिरलं. "अहो, बघताय काय एवढं?" ती ओरडली. "तिथे काय आहे? खायला काय होतंय तुम्हाला?" आणि ओरडल्यावर तिला रडू फुटलं. मग काय सुचलं कोण जाणे, तिने वाटी खाली ठेवली, वाकली, आणि त्यांच्या उशीवर त्यांच्या गालाला गाल लावून आपलं डोकं टेकलं. किती महिन्यांनी! त्यांची दाढी टोचली. ते बघत होते तिथे तिने बघितलं.

इतक्या जवळून, तशा कलंडलेल्या मानेने टाकीचा एकच कोपरा दिसत होता, उजव्या टोकाचा, मुकादमाचा. ठिपक्या आणि कारकून आपापल्या नव्या दगडांत, डाव्या अर्ध्या भागात होते आणि खाटेवरून दिसतच नव्हते. उजव्या कोपऱ्यात दगड नव्हता. वाळू होती आणि काच होती. इतके दिवस ते रिकाम्या वाळूकडे बघत होते.

"अगं बाई!" टेलरबाई म्हणाली आणि उठून बसली. "अहो, मला मेलीला कळलंच नाही! थांबा. आत्ता आणते."

ती धावतच गॅलरीत गेली. मुकादम टबात रोडावला होता, रंग उतरला होता, पण डोळे तसेच. जाळी घातली तर ह्या वेळी लगेच आला. तिने तो उचलला, खुर्चीला धडकत, पाणी सांडत आत आणला, आणि उजव्या कोपऱ्यात अलगद सोडला. दगड आणायला परत जाण्याइतका धीर तिला नव्हता. आधी मासा दिसू दे, मग दगड.

"आला बघा," ती म्हणाली. "आला तुमचा."

फोरमनचे डोळे हलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते पाण्यातून फिरले. "अं," ते म्हणाले, आणि तोंड उघडलं. टेलरबाईने चमचा दिला, आणि त्यांनी गिळला. घशाची घाटी वर जाऊन खाली आली. तिने दुसरा चमचा भरला. ती हसत होती आणि रडत होती आणि मनातल्या मनात मुलाला, डॉक्टरला, संस्थेला, सगळ्यांना सांगत होती की बघा, बघा.

दुसरा चमचा तोंडापर्यंत गेला नाही. कारण फोरमनचे डोळे एकदम स्थिर झाले होते, आणि तिने मागे वळून पाहिलं.

कारकून आणि ठिपक्या आले होते. आजवर ह्या दोघांचं एका तुकड्यावरून कधी पटलं नव्हतं. आता दोघं मिळून आले, एक समोरून, एक मागून. मुकादम आधी गोंधळला. त्याने गुरगुर केली, पण आवाज निघाल्यासारखा वाटला नाही. तो आपल्या कपारीकडे वळला, तर कपार नव्हती. गोल फिरून परत तिथेच आला, परत वाळू. ठिपक्याने त्याच्या पराचा लचका तोडला. टेलरबाईने चमचा टाकला आणि फोन उचलला.

"मावशी, दगड हलवले ना?" दुकानदार म्हणाला.

"हलवले की! त्याला काढला त्याच दिवशी हलवले!"

"मावशी, काढताना नाही हो," दुकानदार म्हणाला. "सोडताना हलवायचे असतात. सगळे एकदम परके व्हायला पाहिजेत. तुम्ही आधी हलवलेत, मग तर त्या दोघांची घरं पक्की झाली. आता हा एकटाच परका. काढा त्याला, लगेच बाहेर काढा."

सगळे एकदम परके. हे तिने किती वेळा ऐकलं होतं! टेबलावर, अंथरुणात, टाकीच्या मधल्या कोपऱ्यावर उभं राहून. ऐकून ऐकून कान किटले होते म्हणूनच ऐकू आलं नव्हतं. तिने बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. पण मुकादमाला एक फट सापडली होती. पंपाच्या नळीच्या मागे, नळी आणि काच यांच्यामध्ये, तो आडवा शिरला होता आणि त्याने पाठीवरचा काटा उभा केला होता. आता त्याला कुणी ओढून काढू शकत नव्हतं. तिलाही ते जमत नव्हतं. तिने ओढला, नळी हलवली, हात कापला, पाण्यात रक्ताची रेघ उठली. त्याचं अर्धं अंग बाहेर होतं, आणि तेवढं अंग दोघांना पुरेसं होतं. त्याचा एक डोळा काचेबाहेर बघत होता. दुसरा दिसला तेव्हा तो डोळा राहिला नव्हता.

तिने टेबलावरची चादर ओढून टाकीवर फेकली, निदान फोरमनना दिसू नये म्हणून. चादर अर्धवट अडकली, अर्धी खाली घसरली. तिने पुन्हा ओढली. हातातून रक्त गळत होतं आणि चादरीला लागत होतं. खिडकीपाशी तिचं मशीन होतं, त्यावर उजेड पडला होता. त्या मशीनकडे तिची नजर गेली, आणि तिथे आधी कुणाची खुर्ची होती ते तिला आठवलं.

दार उघडलं. मुलगा लवकर आला होता. त्याने सांडलेलं पाणी पाहिलं, चादर पाहिली, आईचा हात पाहिला, आणि काही विचारायच्या आधी खाटेकडे बघून तो जागच्या जागी थबकला.

"आई," तो म्हणाला. "आई, बघ! बाबांनी मान वळवली!"

खरंच वळवली होती. पूर्ण, भिंतीपर्यंत. कुणी फुगा हलवला नव्हता, चुटकी वाजवली नव्हती. उशीवर त्यांच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती, झोपून झोपून केस चपटे झालेली. मुलगा खाटेजवळ गेला, घसा साफ न करता म्हणाला, "बाबा, शाब्बास!" आणि व्यायामवाल्या मुलीला फोन लावायला लागला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. वडिलांना शाब्बास म्हणायची संधी त्याला पहिल्यांदाच मिळत होती, आणि टेलरबाईला त्याला काही सांगावंसं वाटलं नाही.

तिने हाताला फडकं गुंडाळलं, वाटी उचलली, आणि तोंड आता तिकडे होतं म्हणून भिंतीच्या बाजूला गेली. खाट आणि भिंत यांच्यामध्ये जागाच नव्हती. उशापासून वाकून तिने कसाबसा एक हात आत घातला आणि चाचपत चमचा ओठांपर्यंत नेला. "अहो," ती हळू म्हणाली. "आ करा. एकदाच." ओठ मिटलेले होते. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मागे मुलगा फोनवर सांगत होता, "हो, स्वतःहून! कुणीच काही केलं नाही!"

शुक्रवारी नळी घातली. पुढच्या आठवड्यात संस्थेने नंबर कळवला, चौतीस, आणि सोबत फीत पाठवली. एरवी ती मशीनवर शिवायची. हे सहा शर्ट तिने हाताने शिवले, गॅलरीत आरामखुर्चीवर बसून. मान वळवली की फीत टोचते, आणि आता ह्यांची मान वळत होती, म्हणून प्रत्येक नंबराखाली तिने मऊ कापडाची एक पट्टी घातली.